बिगूल आणि ढोल यांचें पथक

करमाडच्या बाजारांतून वरात निघाली कीं ताशाचा तडतडाट व बँडबाजाचा गजर शाळेच्या वर्गापर्यंत ऐकूं येतो, आणि मग पुढील दहा मिनिटें भूगोल कोणाच्या डोक्यांत शिरत नाहीं, हा अनुभव सर्व शिक्षकांस आहे. वाद्यांची ही ओढ चांगलीच आहे. परंतु वाद्य वाजविणें निराळें, आणि वाद्य वाजवीत, शेजाऱ्याच्या पावलाशीं पाऊल मिळवून, मैदानावर आकृति रेखीत चालणें निराळें. या दुसऱ्या विद्येंत परदेशांत तरुणांच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. तिचा थोडा परिचय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, असा या लेखाचा हेतु आहे.

आरंभ बिगुलापासून करूं. पितळेची वेटोळी नळी, एका टोकास मुखनळी, दुसऱ्या टोकास फुलासारखें उमललेलें तोंड. बोटांनीं दाबावयाची कळ एकही नाहीं. आपली तुतारी याच जातीची. अशा नळींतून ओठांचा ताण कमीजास्त करून जे सूर निघतात ते वादकाच्या मर्जीचे नसून निसर्गनियमानें ठरलेले असतात. नित्याच्या उपयोगाचे पांच. त्यांच्या कंपसंख्यांचें प्रमाण २ : ३ : ४ : ५ : ६ असें असतें. पेटीवर ते सा, प, वरचा सा, वरचा ग आणि वरचा प असे सांपडतील. रे नाहीं, म नाहीं, ध नाहीं, नी नाहीं! लष्करांतील उठण्याचे, जेवणाचे, निजण्याचे इशारे एवढ्याच सुरांत बसविलेले आहेत. (थंडीच्या सकाळीं बिगुलाचा सूर उतरतो व उन्हांत चढतो, म्हणून तो फुंकून ऊबदार केल्यावांचून सूर जुळवूं नयेत.) तात्पर्य, एकट्या बिगुलावर एखादें साधें भजनसुद्धां पुरें वाजत नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंत परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनीं हेच तोकडें वाद्य घेऊन गांवोगांव पथकें उभीं केलीं. पाठोपाठ मुलांचींही निघालीं. सुरांची उणीव त्यांनीं दोन प्रकारें भरून काढली. लहानमोठ्या आकाराचे बिगूल करून खर्जाचे व तारेचे निरनिराळे थर रचले, आणि नळीस एक कळ बसविली. ती दाबतांच नळी लांबते, षड्ज खालच्या पंचमावर उतरतो, आणि त्या नव्या मालिकेंत रे व नी हातीं लागतात. पुढें कळा वाढत जाऊन १९९० पर्यंत त्या तीन झाल्या व सप्तक पुरें झालें. १९७२ सालीं या तरुण पथकांची ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संघटना पुढें आली. त्याच वर्षीं विस्कॉन्सिन संस्थानांतील व्हाइटवॉटर येथें तिची पहिली अंतिम स्पर्धा झाली व ती कॅलिफोर्नियाच्या ‘अनाहाइम किंग्जमेन’ पथकानें जिंकली. सभासदांस साधारण एकवीस-बावीस वर्षांपर्यंतच राहतां येतें; नंतर कितीही उत्तम वादक असो, त्यास पथक सोडावें लागतें. उन्हाळाभर हीं मुलें शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर निजून गांवोगांव हिंडतात. दिवसा तालीम, रात्रीं स्पर्धा.

आतां थोडें पदार्थविज्ञान. तेथील मैदान सुमारें ९१ मीटर लांब असतें. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे एका टोकाच्या ढोलाचा ठोका दुसऱ्या टोकास पाव सेकंदाहून थोडा उशिरा पोहोंचतो. मिनिटास १२० पावलें या गतीनें एका पावलास अर्धा सेकंद लागतो. तेव्हां दूरचा मुलगा ढोल ऐकून फुंकूं लागला तर तो अर्धें पाऊल मागें पडला; आणि त्याचा सूर ढोलापाशीं परत येईतों पूर्ण एक पाऊल मागें! सर्वांनीं नीट ऐकलें, कोणीही चुकलें नाहीं, तरी पथक विस्कटलें. म्हणून अशा पथकांत ताल कानांनीं न धरतां डोळ्यांनीं, नायकाच्या हाताकडे पाहून, धरतात. विद्यार्थ्यांनीं आपल्या मैदानाच्या दोन टोकांस उभें राहून एकानें लाकडाच्या दोन फळ्या आपटाव्या व दुसऱ्यानें पाहावें. आघात आधीं दिसेल, आवाज मागून येईल.

परीक्षणाची पद्धति आम्हां शिक्षकांस विशेष विचार करावयास लावणारी आहे. १९८३ पर्यंत तेथें पूर्ण गुणांपासून आरंभ करून प्रत्येक चुकीमागें एक दशांश गुण वजा करीत. परीक्षक जणूं लाल पेन्सिल घेऊनच मैदानांत उतरे. परिणाम व्हावयाचा तोच झाला : अवघड कांहीं करावें तर गुण जाणार, म्हणून सोपें व निर्दोष बसविण्याकडे कल होऊं लागला. १९८४ पासून वजाबाकी सोडून, जें साधलें त्याबद्दल गुण चढवीत नेण्याची रीति आली. पुढें शंभरांपैकीं ४० गुण एकंदर परिणामास, ३० संगीतास आणि ३० दृश्य रचनेस, अशी वांटणी रूढ झाली. नवशिक्यांस पहिली रीति सोयीची खरी. परंतु तिच्यांत मुलें धीट होत नाहींत, असें आमचें मत आहे.

आपल्याकडे याच्या जवळचें रूप म्हणजे पुण्याचीं ढोल-ताशांचीं पथकें. ज्ञान प्रबोधिनी व रमणबाग या शाळांचीं पथकें प्रसिद्ध आहेत. तेथें सुरांचें वाद्य नसलें तरी ताल, पाऊल व पुढें नाचणारे ध्वज हीं तिन्ही अंगें आहेत. शाळांच्या बँडपथकांची अखिल भारतीय स्पर्धाही प्रजासत्ताकदिनाच्या निमित्तानें होते. पितळी वाद्यें व बॅगपाइप, मुलगे व मुली, असे तिचे चार विभाग असून २०२५ च्या जानेवारींत तिची अंतिम फेरी दिल्लीस झाली.

पालकांची एक शंका रास्त आहे. “आमच्या मुलास वर्षभर एकच सूर धरावयास दिला, तर तो शिकला काय?” दहा बिगुलांत तीन मुलें सा धरतात, तीन ग व चार प. पंचम धरणारीं मुलें त्या दिवशीं आलीं नाहींत, तर उरलेल्यांनीं कितीही जोर लावला तरी तो भरदार नाद होत नाहीं. आणि आठ मात्रा पंचम ढळूं न देतां, चालत्या पावलावर, श्वास चोरून धरणें किती अवघड आहे, हें शंका घेणाऱ्या पालकांनीं एकदां स्वतः करून पाहावें.

आपल्या शाळेंत असें पथक काढावयाचें झाल्यास आठ-दहा बिगूल, दोन लहान ढोल, एक मोठा ढोल व झांजांची एक जोडी आरंभास पुरे. पहिला महिना तर तींही नकोत. प्रार्थनेपूर्वीं अर्धा तास, रिकाम्या हातांनीं, एका रांगेंत, मिनिटास १२० पावलें.