तिसरा ड्रॉप घेण्याआधी

नीटचा निकाल लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरीतल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. यंदा थोडक्यात हुकलं, आणखी एक वर्ष लातूरला क्लाससाठी ठेवलं तर होईल का? समुपदेशकाला हा प्रश्न बहुतेक वेळा वडील विचारतात. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते. हळदीची पट्टी आली की रिपीटर बॅचची फी भरायची, मेस आणि खोलीभाड्याचं पुढे बघू, हे घरात आधीच ठरलेलं असतं. समुपदेशकाने फक्त होकार द्यायचा असतो.

तो होकार देऊ नये. पहिला ड्रॉप समजण्यासारखा आहे. दुसऱ्याचा विचार फार सांभाळून करावा. तिसरा घेऊच नये.

आकडे समोर ठेवले की कारण कळतं. २०२५ मध्ये देशात २२ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या सगळ्या जागा मिळून सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि शेतकरी कुटुंबाला परवडेल अशी सरकारी फी त्यातल्या साधारण निम्म्याच जागांना आहे. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेव्हा अनेक पालकांना वाटलं, आता आपल्या पोरांची सोय झाली. पण तिथल्या जागा १००. त्यातल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या राज्याच्या गुणवत्ता यादीवर भरतात. कॉलेज गावात आलं म्हणून गावातल्या मुलाचा नंबर वर सरकत नाही.

यापेक्षा मोठं नुकसान मात्र अकरावीच्या प्रवेशातच झालेलं असतं. ‘डॉक्टरच व्हायचंय, मग गणित कशाला?’ म्हणून पीसीबी घेतलं जातं. दोन वर्षांनी नीट हुकते, तेव्हा अभियांत्रिकीचं दार बंद झालेलं असतं आणि भौतिकशास्त्राची पदवी घ्यावी म्हटलं तरी गणित आडवं येतं. हाताशी फार्मसी, नर्सिंग, बीएस्सी ॲग्री राहतात. हे मार्ग वाईट नाहीत, पण ते निवडलेले नसतात, उरलेले असतात. इकडे पीसीएमवाल्यांची झुंड सध्या कॉम्प्युटर आणि एआयकडे धावते आहे. ज्याला त्यात खरोखर गोडी आहे त्याने जावं, बाकीच्यांनी शेजाऱ्याचा मुलगा पुण्यात आहे एवढ्यावर जाऊ नये.

गणित आणि भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलांसाठी एक वाट आहे, जिचं नावही या जिल्ह्यात सहसा निघत नाही: अणुप्रकल्पांच्या सुरक्षेचं विश्लेषण आणि परीक्षण. वीज बनवणारा अभियंता सगळ्यांना कळतो. पण त्याने बनवलेला आराखडा हातात घेऊन ‘हा पंप बंद पडला तर? दुसराही पडला तर? दोन्ही एकाच कारणाने पडले तर?’ असं विचारणारा, त्याचं उत्तर आकड्यांत काढणारा आणि पटलं नाही तर परवानगी अडवून धरणारा तज्ज्ञही लागतो. देशात हे काम अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी करतं. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी त्याची स्थापना झाली आणि मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. जागेची निवड, बांधकाम, इंधन भरणं, भट्टी चालू करणं या प्रत्येक टप्प्यावर मंडळाची संमती लागते आणि प्रत्येक टप्प्याआधी तज्ज्ञांच्या समित्या कागद न् कागद तपासतात. आयआयटी मुंबईचे माजी संचालक आणि उष्णता-संक्रमणाचे प्राध्यापक सुहास सुखात्मे २००० ते २००५ या काळात या मंडळाचे अध्यक्ष होते.

हे काम का लागतं, ते ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात दिसलं. टर्बाइनची दोन पाती थकव्याने तुटली. चक्राचा तोल गेला, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन गळला आणि आग लागली. चालकांनी भट्टी काही सेकंदांत बंद केली. पण आग केबलींत शिरली आणि मुख्य तसेच राखीव वीजपुरवठ्याच्या केबली जवळजवळ, आगरोधक आडोशाशिवाय नेलेल्या होत्या. दोन्ही जळाल्या. सुमारे सतरा तास केंद्र विजेविना राहिलं. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणारे अग्निशमन पंप सुरू करून पाणी दिलं आणि काही जण हातात बॅटऱ्या घेऊन वर चढले व झडपा हाताने उघडून बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही. या प्रकरणाचा धडा असा, की कागदावर दोन पुरवठे असले तरी एकाच आगीत दोन्ही जाणार असतील, तर ते मुळात दोन नव्हतेच. ही गोष्ट आधी हुडकणं हेच सुरक्षा-विश्लेषकाचं काम.

महाराष्ट्रातलं उदाहरण तारापूरचं. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, देशातल्या सर्वांत जुन्या आणि काही यंत्रणा दोघींत सामाईक असलेल्या. २००० नंतर एईआरबीने त्यांचं सविस्तर फेरपरीक्षण घेतलं. २००५-०६ मध्ये भट्ट्या बंद ठेवून सामाईक यंत्रणा वेगळ्या केल्या, जास्त क्षमतेची आणीबाणीची डिझेल जनित्रं बसवली, वेगळी पूरक नियंत्रण व्यवस्था उभारली. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रं बुडाली, तेव्हा भारतातल्या सगळ्या केंद्रांची पुन्हा झडती झाली. बाहेरून अग्निशमन गाडी जोडून भट्टीला पाणी देता यावं म्हणून खास जोडण्या त्यानंतर बसवल्या गेल्या.

यातला हिशेब किती अवघड असतो? सुरुवात बारावीच्या भौतिकशास्त्रातच आहे. काकरापार अणुवीज केंद्रातल्या ७०० मेगावॅटच्या भट्टीत उष्णता सुमारे २,१६६ मेगावॅट निर्माण होते. भट्टी बंद केली तरी किरणोत्सारी द्रव्यांच्या ऱ्हासामुळे उष्णता थांबत नाही: बंद होताक्षणी ६ ते ७ टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या जवळ. अर्धा टक्का म्हणजे साधारण ११ मेगावॅट. एवढी उष्णता पाण्याची वाफ करून काढायची, तर विशिष्ट उष्मा आणि अप्रकट उष्मा मांडून उत्तर येतं, सेकंदाला चार लिटरांहून थोडं जास्त. तासाला पंधरा हजार लिटर. उन्हाळ्यात सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या गावाला येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर तासाला दीड टँकर, तेही न थांबता. हे पाणी कुठून येणार, कोणत्या नळीतून, वीज नसताना कोणत्या पंपाने आणि किती तासांत? विश्लेषक हेच प्रश्न संगणकीय प्रारूपांवर हजारो शक्यतांसाठी सोडवतो. ज्या मुलाला हे उदाहरण वाचून वही ओढून आकडे पुन्हा पडताळून पाहावेसे वाटले, त्याच्यासाठी हे क्षेत्र आहे.

हिंगोलीच्या मुलाला तर याचा एक भाग पायाखालीच जाणवतो. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ रिश्टरचा धक्का बसला आणि १० जुलैला पुन्हा तेवढाच. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा स्थिर समजल्या जाणाऱ्या पठारावरही असं घडू शकतं हे साऱ्या देशाला मान्य करावं लागलं. अणुप्रकल्पाची जागा ठरवताना जुने भूकंप, प्रस्तरभंग, खडकाचा प्रकार, पुराची पातळी हे सगळं तपासलं जातं, आणि ते काम भूशास्त्र, भूभौतिकी आणि स्थापत्य शिकलेली माणसं करतात. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला उभी राहत असलेली लायगो-इंडिया प्रयोगशाळा अणुभट्टी नाही, तिथे गुरुत्वीय लहरी मोजल्या जाणार आहेत. पण २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिलेला हा प्रकल्प अणुऊर्जा विभागाच्याच अखत्यारीत आहे. ज्या विभागाचं नाव इथल्या पालकांना परकं वाटतं, तो त्यांच्या जिल्ह्यात येऊन पोचला आहे.

अणुभट्टी दूर वाटत असेल, तर जवळचं बघावं. शहरातला एक्स-रे, सीटी स्कॅन, कर्करोगाच्या उपचारांची यंत्रं, कांद्यावर विकिरण करणारं लासलगावचं ‘कृषक’ केंद्र, हे सगळं एईआरबीच्या नियमांत येतं. २०१२ मध्ये कॅगने दाखवून दिलं की देशातल्या सुमारे ९१ टक्के वैद्यकीय एक्स-रे केंद्रांची मंडळाकडे नोंदणीच नव्हती. नियम आणि प्रत्यक्ष यांतली ही दरी भरायला माणसं लागतात. २०१० मध्ये दिल्लीत विद्यापीठाने भंगारात विकलेलं कोबाल्ट-६० चं उपकरण मायापुरीच्या बाजारात फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. विकण्याआधी एका जाणकाराने ते पाहिलं असतं, तर तो माणूस वाचला असता.

आता वाटा, थोडक्यात. बीई मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, सिव्हिल किंवा एमएस्सी फिजिक्स, केमिस्ट्री केलेल्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय आहे. ते १९५७ पासून चालू आहे. वर्षभराच्या प्रशिक्षणाची फी भरावी लागत नाही, उलट विद्यावेतन मिळतं. त्या वर्षीच्या जाहिरातीत ठरेल त्याप्रमाणे गेट परीक्षेच्या गुणांवर किंवा केंद्राच्या स्वतःच्या परीक्षेवर मुलाखतीला बोलावतात. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन गेटमधून अभियंते घेतं. एमएस्सी फिजिक्सनंतर भाभा केंद्राचा किरणोत्सार भौतिकीचा डिप्लोमा केला की रुग्णालयात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ किंवा किरणोत्सार सुरक्षा अधिकारी होता येतं. पॉलिटेक्निक डिप्लोमा, बीएस्सी आणि आयटीआय झालेल्यांसाठी स्टायपेंडरी ट्रेनीच्या जागा निघतात, ज्यांची माहिती मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या सूचनाफलकावर क्वचित दिसते.

जागा शेकड्यांत असतात, लाखांत नाही. म्हणून ही वाट धरणाऱ्याने सगळा भार तिच्यावर टाकू नये. पण हेच कौशल्य खत कारखाने, तेलशुद्धीकरण, धरणं, रेल्वे सगळीकडे लागतं. मागणी वाढणार हेही दिसतं आहे. देशाची अणुवीज क्षमता आज ९ हजार मेगावॅटच्या आत आहे आणि सरकारचं लक्ष्य २०४७ पर्यंत १ लाख मेगावॅट. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. खासगी कंपन्या आल्या की तपासणारे डोळे कमी पडून चालणार नाही.

पालकांना एक गोष्ट कठोरपणे सांगायला हवी. या कामाला जो स्वभाव लागतो, तो घरातच मारला जातो. वरिष्ठाने सही केलेल्या कागदावर ‘मला हे पटत नाही’ असं लिहिण्याचं धाडस विश्लेषकाला लागतं. ज्या घरात ‘मला डॉक्टर व्हायचं नाही’ हे वाक्य मुलाला अठराव्या वर्षीही बोलता येत नाही, त्या घरातून असा माणूस कसा घडणार? बापाने कर्ज काढलं, आईने दागिने मोडले, हे मुलाला दर सुट्टीत ऐकवलं जातं. ते ऐकून मूल अभ्यास करत नाही, खोटं बोलायला शिकतं. टेस्टचे गुण फुगवून सांगतं. लातूरच्या खोलीत एकटं पडलेलं मूल काय सोसतं हे वडिलांना कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. वर्षाच्या फीपेक्षा मुलाचं मन मोलाचं आहे आणि हे सांगताना आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही.

ड्रॉपची किंमत वयातही मोजावी लागते. भाभा केंद्राच्या प्रशिक्षणाला खुल्या वर्गासाठी वयाची मर्यादा २६ वर्षं आहे, राखीव वर्गांना सवलत आहे. अठराव्या वर्षी बारावी झालेला मुलगा बीई करून बाविसाव्या, एमएस्सी करून तेविसाव्या वर्षी दाराशी पोचतो. तीन ड्रॉप घेतलेला एमएस्सीचा मुलगा पोचतो तेव्हा मर्यादा संपलेली किंवा संपत आलेली असते.

ज्यांचं मूल आता दहावी झालं आहे, त्यांनी अकरावीचा अर्ज भरताना जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावं. चार विषय जड जातात, पण दोन्ही दारं उघडी राहतात. ज्यांचं मूल दुसऱ्या ड्रॉपनंतर घरी बसलं आहे, त्यांनी क्लासचा फॉर्म भरण्याआधी त्याला समुपदेशकाकडे एकट्याने जाऊ द्यावं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर थांबावं.