मुलाला पिन नको, स्वतःचं खातं द्या

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. वाणसामान, रिक्षाचं भाडं, झेरॉक्स यासाठी माझा फोन त्याच्या हातात असतो आणि यूपीआय पिनही त्याला माहीत आहे. परवा स्टेटमेंट पाहिलं, तर मोबाइल गेमसाठी त्याने ८०, २४०, ४०० असे करत ६,८८० रुपये खर्च केलेले दिसले. तो अल्पवयीन आहे, मग हे पैसे परत मागता येतील का? त्याचे वडील म्हणतात, यापुढे त्याच्या हाती पैसाच द्यायचा नाही. ते बरोबर आहे का?
— एक आई, सांगली

उत्तर : आधी पैशांबद्दल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही. असा करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबी खटल्यात स्पष्ट केलं. पण तुम्हाला त्याचा फारसा आधार मिळणार नाही. खातं तुमचं, फोन तुमचा आणि पिनही तुम्हीच सांगितलेला. बँकेच्या लेखी हे व्यवहार तुमचेच आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने पिन दुसऱ्याला सांगितल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकालाच सोसावं लागतं.

तरी ज्या अ‍ॅप स्टोअरमधून खरेदी झाली, तिथे परताव्याची मागणी जरूर नोंदवा. गुगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत मागणी केली तर पैसे मिळण्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर बहुतेक वेळा गेमच्या कंपनीकडेच दाद मागावी लागते. सगळी रक्कम मिळेल असं धरून चालू नका. आजच्या आज पिन बदला आणि अ‍ॅप स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड विचारला जाईल अशी सोय करा.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे वळू. त्यांचा राग रास्त आहे, पण उपाय मला पटत नाही. मुलाने गेममध्ये उडवले ते त्याच्या मनात पैसे नव्हतेच. आईच्या फोनवर चार आकडे दाबले की काम होतं, एवढंच त्याला माहीत होतं. शिल्लक किती, महिनाअखेरीला काय उरायला हवं, हे त्याला कधी दिसलंच नाही. जे दिसत नाही, ते सांभाळायला मूल शिकणार कसं?

म्हणून त्याच्या नावाने बचत खातं उघडा. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना स्वतःचं खातं स्वतः उघडू आणि चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. एप्रिल २०२५ मध्ये यासंबंधीचे नियम नव्याने एकत्र केले गेले. किती रकमेपर्यंत व्यवहार करू द्यायचे आणि एटीएम कार्ड द्यायचं की नाही, हे प्रत्येक बँक ठरवते, तेव्हा शाखेत विचारून घ्या. या खात्यावर ओव्हरड्राफ्ट मिळत नाही, शिल्लक असेल तेवढंच खर्च होतं. शिकणाऱ्यासाठी हीच मोठी सोय आहे. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने खातं उघडता येतं.

त्यात दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम भरा. त्यातून काय भागवायचं, हे त्याच्याबरोबर बसून कागदावर लिहा. समजा, ८०० रुपये ठरले. त्यात कॅन्टीनचा वडापाव, वह्या-पेनं, सायकलचं पंक्चर, मित्राच्या वाढदिवसाची भेट आणि गेमही आला. फी, औषधं, प्रवास तुमच्याकडे. पहिल्याच आठवड्यात त्याने ६०० रुपये गेममध्ये घातले, तर रागावू नका आणि वरून पैसेही देऊ नका. उरलेल्या २०० रुपयांत मित्राला काय द्यायचं, हा प्रश्न त्याला स्वतःला सोडवू द्या. चौदाव्या वर्षी ६०० रुपयांची चूक परवडते. पंचविशीत तीच सवय क्रेडिट कार्डावर हजारोंचं व्याज भरायला लावते. झालेल्या ६,८८० पैकी काही भागही दरमहा १०० रुपयांप्रमाणे त्याच्याकडून फेडून घ्या.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगा : स्वतःचं खातं, कार्ड किंवा ओटीपी कुणालाही वापरू द्यायचा नाही, मग समोरचा थोडं कमिशन देऊ करत असला तरी. फसवणुकीचे पैसे फिरवण्यासाठी विद्यार्थ्यांची खाती अशीच वापरली जातात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारी येतात. फसवणूक झालीच, तर घरी सांगायला घाबरू नये आणि लगेच १९३० वर तक्रार करावी, हेही त्याला माहीत हवं.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. वाढदिवसाचे आणि ओवाळणीचे मिळून तिचे ४०,००० रुपये जमले आहेत. तिच्या नावे मुदत ठेव केली, तर कर कोणाला? आणि तिला हे आताच सांगावं का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : आजी-आजोबा, मामा, काका, आत्या यांच्याकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही. त्या पैशांवरचं व्याज मात्र आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. जुनी करप्रणाली घेतली असेल, तर प्रत्येक मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांपर्यंत सूट मिळते, नव्या प्रणालीत ती नाही. मुलाने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेलं बक्षीस किंवा मानधन मात्र त्याचंच उत्पन्न धरलं जातं.

सुकन्या समृद्धी खात्याचा विचार करत असाल, तर घाई करा. मुलीला दहा वर्षं पूर्ण होण्याआधीच ते उघडता येतं. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. शिक्षणासाठी अठराव्या वर्षी किंवा दहावी झाल्यावर निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

आणि तिला जरूर सांगा, कारण पैसे तिचे आहेत. पैसे भरायला जाल तेव्हा तिला सोबत न्या, स्लिपवरचा आकडा तिला लिहू द्या. घरात अडचण आली आणि त्यातून काही घ्यावं लागलं, तर तिला विचारून घ्या आणि सांगितलेल्या तारखेला परत भरा. घेतलेला पैसा वेळेवर परत करायचा असतो, हे मुलं आई-वडिलांच्या वागण्यातूनच शिकतात.