शेगडी, बंब आणि घरातील आग

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत निफाड परिसरात द्राक्षबागा वाचविण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटतात. त्याच सुमारास घरोघरी न्हाणीघरात बंब, माजघरात शेगडी आणि शहरी बिऱ्हाडांत विजेची साधने सुरू होतात. उघड्यावरील शेकोटीकडे चार माणसांचे लक्ष असते. घरातील शेगडीचे तसे नाही. ती पेटवून माणसे कामास लागतात किंवा झोपी जातात.

सर्वाधिक जपण्याची जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. न्हाऊमाखू घातल्यानंतर बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आईला व बाळाला ऊब मिळावी हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा हेतू योग्यच होय. परंतु बाजेवरून लोंबणारी गोधडी किंवा लुगड्याचा पदर निखाऱ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो आणि सुंभाची बाज तर स्वतःच उत्तम सरपण आहे. त्यातच वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद केलेल्या असतात. अशा कोंडलेल्या खोलीत कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू साचत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागते, गुंगी येते आणि झोपलेल्यास पुढे जागच येत नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज म्हणूनच घातक आहे. नवजात बालकाला टोपी घालून आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरावे व वरून पांघरूण घालावे. ही ऊब शेगडीपेक्षा अधिक भरवशाची आहे. शेगडी ठेवावयाचीच झाली तर ती बाजेपासून किमान ३ फूट दूर, खिडकी उघडी ठेवून, जागत्या माणसाच्या देखत ठेवावी आणि झोपण्यापूर्वी घराबाहेर न्यावी.

बंबाची राख हा दुर्लक्षित विषय आहे. रात्री निखारा राखेने झाकावा आणि सकाळी फुंकर घालून चूल पेटवावी, ही युक्ती आपल्या आजी-पणजींना ठाऊक होती. राखेखाली विस्तव रात्रभर जिवंत राहतो, याला आणखी पुरावा तो कोणता? तरीही तीच राख कडब्याच्या गंजीलगत किंवा कचऱ्यात टाकली जाते. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून, पाणी शिंपडून, पूर्ण थंड झाल्यावरच टाकावी.

विजेच्या पाणी तापविण्याच्या रॉडची कथा निराळी. १,५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे ६.५ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे दिवा-पंख्यासाठी असलेले ६ अँपिअरचे सॉकेट त्यास अपुरे पडते. तेथे वायर तापते, आवरण वितळते. त्यासाठी १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेटच हवे. पाणी आटून रॉड उघडा पडल्यास प्लॅस्टिकची बादलीही पेटू शकते. बटण बंद करून पिन काढल्याखेरीज पाण्यात बोट घालू नये, हे लहान मुलांनाही सांगून ठेवावे.

अंगावरील कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. इतरांनी जाड घोंगडीने ज्वाळा दाबाव्यात. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नये. विजेच्या आगीवर मात्र मुख्य बटण बंद केल्याशिवाय पाणी टाकू नये. अग्निशमन दलास १०१ आणि रुग्णवाहिकेस १०८ या क्रमांकांवर कळवावे.