घोड्याचा दमा

मुलांनो, कल्याणच्या स्थानकाबाहेर पूर्वी टांगे उभे असत, हे तुम्ही आजोबांकडून ऐकले असेल. ते दिवस गेले. तथापि नेरळजवळच्या माथेरानात घोडे अद्याप माणसे वाहून नेत आहेत. अशा कष्टाळू प्राण्याचे सारे बळ त्याच्या श्वासात असते. आपले नाक चोंदले तर आपण तोंडाने श्वास घेतो. घोड्याला ते साधत नाही. तो केवळ नाकानेच श्वास घेतो.

आता त्याचा चारा पाहा. पावसाळ्यानंतर माळांवरील गवत कापून, वाळवून त्याच्या गंजी रचतात. गवत पुरते वाळले नसेल, किंवा पुढे त्यास ओल लागली, तर आत बुरशी धरते. तिचे अतिसूक्ष्म कण धुळीत मिसळतात. घोडा गवतात नाक खुपसून खातो, आणि ती धूळ थेट त्याच्या फुप्फुसांत उतरते. पुष्कळ घोड्यांना ती सोसते. काहींना मात्र सोसत नाही. त्यांच्या श्वासनलिकांना आतून सूज येते, चिकट कफ साचतो, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे गर्दी करतात व दाह वाढवितात. आत गेलेली हवा सहजी बाहेर पडत नाही. मग घोडा खोकतो, त्याचे पोट लोहाराच्या भात्याप्रमाणे हलू लागते आणि बरगड्यांच्या कडेने स्नायूची रेघ उमटते. जाणता मोतद्दार प्रथम ही रेघच पाहतो.

हा विकार नवा नव्हे. इंग्लंडातील जॉन फ्लॉयर या वैद्याने १६९८ साली दम्यावर ग्रंथ लिहिला, त्यात धापणाऱ्या घोडीचेही वर्णन केले. तो स्वतः दमेकरी होता. घोडीची व्यथा त्याला अधिक कळली असेल!

आज यावर औषधे आहेत. एक आवळलेले स्नायू सैल करते, तर स्टेरॉइड जातीचे दुसरे दाह शमविते. थोड्याच दिवसांत धाप ओसरते, धनी हर्षतो व घोड्यावर पुन्हा खोगीर चढवितो. परंतु येथेच फसगत होते. पशुवैद्य नाकातून लांब नळी घालून फुप्फुसात थोडे खारे पाणी सोडतात, ते परत ओढून घेतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. चारा पूर्वीचाच धुळीचा असेल, तर श्वास शांत होऊनही त्या पाण्यात पांढऱ्या पेशींची गर्दी आढळते. वरून घोडा बरा, आत दाह तसाच! औषध थांबताच धाप परतते.

म्हणून सुज्ञ वैद्य घोड्याबरोबर तबेलाही तपासतो. घोडा मोकळ्या हवेत, हिरव्या चराईवर ठेवणे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल, तर गवत पाण्यात भिजवून द्यावे, खाली धुळकट पेंढा अंथरू नये, आणि तबेला झाडताना घोडा बाहेर बांधावा. याचा गुण यायला काही आठवडे लागतात. जुनाट दुखण्यात जाड झालेल्या नलिका पूर्ववत होतीलच असे नाही. भिजविलेले गवत मात्र लगेच खाऊ घालावे. आपल्याकडील उष्म्यात ते लवकर आंबते.