माळावरची घरे आणि आमची विहीर

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. तिथे १० एकरांत १०० घरांची वसाहत होणार, असा बोर्ड लागला आहे. बोर्डावर कारंजे काढले आहे.

गुरुजींनी आम्हाला याचा अभ्यास करायला सांगितला. मी आधी गणित केले. ४० गुंठ्यांचा १ एकर, म्हणजे १० एकरांचे ४०० गुंठे. मग पाणी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या दर माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. एका घरात ५ माणसे धरली, तर १०० घरांना रोज २७,५०० लिटर लागेल. कारंजे यात धरलेले नाही. हे पाणी बोअर मारून काढणार, असे सगळे म्हणतात. आमची विहीर माळाच्या खालीच आहे. एप्रिलात तिचा तळ दिसतो. तेव्हा ताई खाली उतरून वाटीवाटीने घागर भरते.

मग एक प्रयोग केला. तांब्याभर पाणी मातीत ओतले, ते मुरले. तेवढेच शाळेच्या कोब्यावर ओतले, तर ते पळत जाऊन मुलांच्या चपलांत शिरले. (गुरुजी रागावले नाहीत.) माळावर पाऊस मुरतो म्हणून विहिरीला पाझर येतो. सगळीकडे कोबा झाला तर पाणी ओढ्याला जाईल.

नंतर मी घरोघर विचारले. शेजारच्या काकूंना सांडपाण्याची भीती वाटते. दुकानवाले खूश आहेत, गिऱ्हाईक वाढेल. आजी म्हणाली, "गुरं कुठं चारायची रं?" पण माझ्या थोरल्या चुलत्यांनीच माळावरचे ३० गुंठे द्यायचे कबूल केले आहे. ते म्हणाले, "तिथं हुलगासुदिक धड येत न्हाई. सोसायटीचं कर्ज कोण फेडणार?" आजी त्यांच्याशी बोलत नाही. भाकरी मात्र त्यांनाच आधी वाढते.

वर्षातून निदान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदार यादीत नाव असलेला गावातला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. आमची नावे यादीत नाहीत. म्हणून पालकांनी हे प्रश्न उतरवून घ्यावेत आणि सभेत विचारावेत :

पाणी कुठून आणणार? सांडपाणी कुठे सोडणार? गुरांची वाट ठेवणार का? छपरावरचे पाणी जमिनीत जिरवणार का?

हा कागद मी चुलत्यांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि शेवटच्या प्रश्नाखाली पेन्सिलीने रेघ मारली.

— इयत्ता चौथी