औषधाचे अर्धायुष्य

किरणोत्सर्गी पदार्थाचे अर्धायुष्य तुम्ही पुस्तकात वाचले असेल. ठरावीक काळात अणूंची संख्या निम्मी होते. पुन्हा तेवढ्याच काळात उरलेल्यांच्या निम्मी. पदवीला औषधिक्रियाविज्ञान व विषविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हाच आलेख भेटतो, फक्त अणूंच्या जागी औषध असते. हे विषय म्हणजे औषधांच्या नावांची घोकंपट्टी, अशा समजुतीने आलेल्यांची येथे जरा पंचाईत होते. भौतिकीच्या शिक्षकाला त्याचे फारसे दुःख होत नाही!

तापावरची पॅरासिटामॉलची गोळी घ्या. पोटात नव्हे, उदाहरणाला. निरोगी प्रौढाच्या शरीरात तिचे अर्धायुष्य सुमारे दोन ते तीन तास असते. हिशेबाच्या सोयीसाठी दोन तास धरू, आणि 500 मिलिग्रॅमची सारी गोळी एकदम रक्तात उतरली असे मानू. दोन तासांनी 250, चार तासांनी 125, सहा तासांनी 62.5 मिलिग्रॅम उरेल. आता दुसरी गोळी घेतली तर साठा 562.5 होईल. आणखी सहा तासांनी त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे 70.3 उरेल, तिसऱ्या गोळीनंतर 570.3. चौथी, पाचवी तुम्ही करून पाहा. साठा 571.4 च्या पलीकडे जात नाही. ही भूमिती श्रेढीचीच बेरीज आहे. डॉक्टर ‘दर सहा तासांनी’ असे लिहितात त्यामागे असा हिशेब असतो.

मग विषबाधा होते कशी? येथे रसायनशास्त्र लागते. यकृत बहुतेक पॅरासिटामॉलचे निरुपद्रवी संयुगांत रूपांतर करते आणि ती लघवीवाटे निघून जातात. थोड्या भागापासून मात्र एक घातक संयुग बनते. यकृतातील ग्लुटाथायोन त्याला गाठून निकामी करते. पण त्याचा साठा मर्यादित असतो. मात्रा फार झाली की हा साठा संपत येतो आणि ते संयुग यकृताच्या पेशींनाच मारू लागते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळतही मात्रा वाढू शकते.

फसवी गोष्ट अशी, की पहिल्या दिवशी रोग्याला मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. त्यापासून शरीर नवे ग्लुटाथायोन तयार करते. परंतु तो आठ तासांच्या आत दिला तरच सर्वांत गुणकारी. मग लक्षणे दिसण्यापूर्वीच तो कोणाला द्यायचा हे ठरवायचे कसे?

रुमॅक आणि मॅथ्यू यांनी 1975 साली यासाठी एक आलेख प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर औषध पोटात गेल्यापासूनचे तास, उभ्या अक्षावर रक्तातील प्रमाण, लॉगॅरिथमच्या मापाने. पुढे सावधगिरी म्हणून त्यातील रेषा थोडी खाली आणली गेली. अनेक देशांत वापरली जाणारी ही रेषा चौथ्या तासाला दर मिलिलिटरमागे 150 मायक्रोग्रॅमवर असते, आठव्या तासाला 75 वर, बाराव्या तासाला 37.5 वर. सर्व गोळ्या एकाच वेळी पोटात गेल्या असतील आणि ती वेळ माहीत असेल, तर रक्त तपासून रोग्याचा बिंदू मांडतात. तो रेषेच्या वर पडला, की उतारा सुरू.

या रेषेचे अर्धायुष्य किती, ते तुमच्या ध्यानात आलेच असेल: चार तास. निरोगी माणसातल्यापेक्षा अधिक, कारण यकृत बिघडू लागले की औषध रक्तातून हळूहळू उतरते. सोळाव्या तासाला रेषा कोठे असेल ते काढा, आणि हेच आकडे साध्या आलेख-कागदावरही मांडून पाहा. तेथे ती वक्र येईल.