अतिदक्षता विभागातील जंतुसंसर्ग

कपाशीवरील फवारणीचे दिवस यवतमाळ जिल्ह्यात चिंतेचे असतात. २०१७ च्या खरीप हंगामात कीटकनाशकाच्या विषबाधेने जिल्ह्यातील किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाने श्वसनाचे स्नायू दुर्बल झाले, म्हणजे रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घालून त्यास यंत्राद्वारे श्वास द्यावा लागतो. नळीने प्राण वाचतो. परंतु नाक, घसा व खोकला हे फुप्फुसांचे नैसर्गिक पहारेकरी तिच्यामुळे निष्प्रभ होतात. विष उतरत असतानाच रोग्यास न्यूमोनियाने गाठावे, असे यामुळेच घडू शकते.

दाखल होतेवेळी नसलेला आणि ४८ तासांनंतर उद्भवलेला संसर्ग सर्वसाधारणपणे रुग्णालयात जडलेला समजतात. मूत्राशयातील व शिरेतील नळ्यांवाटेही तो शिरतो. क्लेब्सिएला, स्यूडोमोनास व अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे त्यातील प्रमुख जंतू. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस तग धरतो. खाटेचा कठडा, यंत्राची बटणे, स्टेथोस्कोप यांवरून तो हातावर येतो आणि हातावरून दुसऱ्या रोग्याकडे जातो. यांतील अनेक जंतू आता कार्बापेनेमसारख्या प्रभावी प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. मग उरते कोलिस्टिन, जे मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकते. हे औषध माणसांसाठी राखून ठेवण्याकरिता केंद्र शासनाने २०१९ मध्ये कुक्कुटपालन व पशुखाद्यातील त्याच्या वापरावर बंदी घातली.

हातांचे महत्त्व नवे नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नातील डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले आणि प्रसूतिकक्षातील मातांचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्यांच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांनी ते मनावर घेतले नाही! आजही हातमोजे घातले की काम भागले, असा समज आढळतो. तेच मोजे दुसऱ्या खाटेपाशी गेले, तर मोज्यांचा उपयोग काय? प्रत्येक रोग्यास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर अल्कोहोलयुक्त द्रावण २० ते ३० सेकंद हातांवर चोळावे. हात मळले असल्यास साबण व पाणीच हवे.

खेड्यातील रोग्याबरोबर अर्धे गाव येते. त्यामागे माया असते, हे खरे. परंतु विभागाच्या दाराशी अडवल्यावर होणारे वाद टाळायचे, तर या मनाईचे कारण पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावात आधीच समजावून द्यावयास हवे. आत जाण्याची परवानगी मिळालेल्या नातेवाइकाने हात स्वच्छ करावेत, खाटेवर बसू नये, नळ्यांना हात लावू नये. डॉक्टर व परिचारिकांनी, हरकत नसल्यास, खाटेची डोक्याकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी, रोग्याचे तोंड स्वच्छ ठेवावे आणि कोणती नळी आज काढता येईल, याचा विचार रोज करावा.